डावीकडं ओढणारं मशीन

आकाराम चौगले ऊर्फ तात्यानं एक संसार सोडला तर कशाचंच स्टेरिंग कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. संसाराचं धोंडुबाईनं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात काढून घेतलं होतं, त्याला इलाज नव्हता. बाकी ट्रॅक्टर असो, मळणी मशीन असो नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीतला टेम्पो असो, तात्या आला की आधीचा ड्रायव्हर गपगुमान उतरायचा. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागं एक जोडून रिव्हर्स घेणारा हातकणंगले तालुक्यातला एकमेव माणूस, अशी त्याची ख्याती होती. ही ख्याती पसरवायचं काम तो इतरांवर टाकत नसे. चहाच्या टपरीवर बसून स्वतःच करायचा.

अशा माणसाच्या नशिबी उतारवयात बिनस्टेरिंगचं वाहन आलं.

झालं असं, की ज्यांच्याकडं तात्यानं जन्मभर ट्रॅक्टर चालवला त्या घरातला पोरगा सम्राट शिकून परत आला आणि त्याला ऊस आवडेनासा झाला. पेठ वडगावच्या रस्त्याकडेचा फड त्यानं मोडला आणि तिथं लग्नासाठी लॉन केलं. नाव ठेवलं ‘सम्राट रॉयल ग्रीन्स’. बापाच्या काळात फडात गवत दिसलं की भांगलायला बायका लावत. पोरानं ऊस उपटून गवत लावलं आणि त्या गवताला खत घालायला बायका लावल्या. म्हातारे मालक तेव्हापासून त्या बाजूला पाठ करून जेवतात म्हणे.

सम्राटला गवत नुसतं हिरवं नको होतं. टीव्हीवरच्या क्रिकेटच्या मैदानासारखे एक फिका, एक गडद असे सरळ पट्टे हवे होते. पट्टे वरून दिसले पाहिजेत, म्हणजे ड्रोनमधून. कारण लग्न ठरवणारी मंडळी हल्ली जागा बघायला येत नाहीत, मोबाईलवर व्हिडिओ बघतात. प्रत्यक्ष लग्नादिवशी त्या हिरव्या गवतावर हिरवी मॅट अंथरली जाते आणि वऱ्हाडातल्या एकाचाही पाय गवताला लागत नाही, हा भाग वेगळा.

त्या पट्ट्यांसाठी परदेशी बनावटीचं, बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आलं. जागच्या जागी गर्रकन फिरतं म्हणून त्याला झिरो टर्न म्हणतात. मशीन उतरवताना तात्या तिथं हजर होता. त्यानं एक प्रदक्षिणा घातली, सीटपुढं वाकून बघितलं आणि विचारलं, “स्टेरिंग मागनं येणार हाय व्हय?”

मशीन जोडून द्यायला अमीन मुजावर आला होता. अमीन हा पेठ वडगावचा मिस्त्री. औषध फवारायच्या पंपापासून गवत कापायच्या यंत्रापर्यंत सगळं दुरुस्त करायचा आणि आपल्या हातून गेलेलं मशीन परत येत नाही, असं ज्याला त्याला ऐकवायचा. पोट त्याच्या आधी दुकानात शिरायचं. बायको मेहमुदा त्याला रोज सकाळी चालायला पिटाळायची आणि तो एसटी स्टँडवरच्या वड्यापर्यंत चालून परत यायचा.

त्यानं तात्याला समजावलं. सीटच्या दोन बाजूंनी दोन दांडे मांडीवर येतात. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही सारखे पुढं ढकलले की मशीन सरळ. एक जरा मागं राहिला की मशीन त्या अंगाला वळणार. “बैलगाडीचा कासरा समजा, तात्या. डावा वडला की डावीकडं,” एवढं म्हटल्यावर तात्याला सगळं कळलं. उलट बैलं हाकायची ही जुनीच पद्धत परदेशी लोकांनी चोरली, असं त्यानं संध्याकाळी टपरीवर जाहीर केलं.

आठवडाभरात तात्यानं असे पट्टे पाडले, की बघणाऱ्याला वाटावं कुणी फणी घेऊन भांग पाडलाय. मशीनची किल्ली त्यानं करदोट्याला बांधली. अंघोळीलासुद्धा काढेना. दसऱ्याला मशीनची पूजा झाली. धोंडुबाईनं हळदीकुंकू इतक्या सढळ हातानं लावलं, की मडगार्डवरचा एक स्टिकर पार झाकून गेला. त्यावर काय चित्र होतं ते कुणी बघितलं नव्हतं. तात्याच्या मते स्टिकर हा शोभेचा असतो.

इथवर सगळं सरळ होतं. मग गडहिंग्लजहून जोतीराम आला.

जोतीराम म्हणजे तात्याच्या मोनाचा सासरा. व्याही. मुलीचा सासरा काय चीज असते, ते मुलीच्या बापाला विचारावं. आणि जोतीराम तर नमुन्यादाखल ठेवण्यासारखा. मोनाच्या लग्नात मानाचे फेटे बांधताना गडबडीत नवऱ्या मुलाच्या मामाला आधी बांधला आणि जोतीरामला नंतर. बस, एवढ्यावर गडी रुसला. जेवला सगळं, तांबडा-पांढरा रस्सा दोनदा वाढून घेतला, पण बोलला नाही. पुढं दीड वर्ष त्यानं चौगल्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही आणि मोनाला पहिल्या दिवाळीला माहेरी धाडली नाही. त्या दिवाळीत धोंडुबाईनं केलेल्या करंज्या तात्याला एकट्याला खाव्या लागल्या. त्याला आजही करंजी दिसली की फेटा आठवतो.

आता व्याह्यांचा गुडघा धरला होता. कोल्हापुरातल्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून ते स्वतःहून आले, हीच मोठी गोष्ट. डॉक्टरांनी गुडघा दुमडायचा नाही, ताठ ठेवायचा म्हणून सांगितलं आणि थोड्या दिवसांनी परत दाखवायला बोलावलं. तेवढ्यासाठी जाऊन येऊन कुठं करा, म्हणून व्याही राहिले. इकडं मोनाला सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोरीला धाडायची की नाही, हे व्याह्यांच्या मर्जीवर. त्यामुळं घरात त्यांच्या चहात साखर कमी पडली तरी धोंडुबाईचा जीव वरखाली व्हायचा.

घरात बसून व्याह्यांना कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी ते तात्याबरोबर लॉनवर आले आणि मशीन चालू झाल्याबरोबर डाव्या बाजूच्या मडगार्डवर जाऊन बसले. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडं ट्रॅक्टर एकट्या ड्रायव्हरनं चालवला तर लोक विचारतात, घरात काय झालंय का. मडगार्ड हे चाकावरचा चिखल अडवायला असतं, ही समजूत कंपनीची. मडगार्ड हे पावण्याला बसायला असतं, ही आपली. तात्यानं उमेदीत दोन्ही मडगार्डांवर चौघं चौघं घेऊन बाजार केलेला.

व्याही बसले, एक पाय दुमडला, दुखरा पाय डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणं ताठ पुढं केला आणि बोलायला लागले. इंजिनच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तात्या दर थोड्या वेळानं मान हलवत होता. व्याह्यांना इतका चांगला ऐकणारा जन्मात भेटला नव्हता. ते रोज यायला लागले.

आणि मशीन डावीकडं ओढायला लागलं.

पहिल्या दिवशी तात्याला वाटलं, आपलीच झोप झाली नसेल. दुसऱ्या दिवशी पट्टा सरळ निघून पुढं असा वळला, की शेवटी मशीन शेवंतीच्या वाफ्यात. तात्यानं मशीनला आईवरून एक शिवी दिली, मग व्याही शेजारी आहेत हे आठवून जीभ चावली. व्याह्यांनी आवाज नसताना पहिल्यांदाच मत दिलं, “मशीनमधी कायतरी खोट हाय, पावणं. आमच्याकडं संकेश्वरला एक मिस्त्री हाय बगा, हात लावला की सरळ करतोय.”

अमीनला फोन गेला. अमीन आला, हत्यारांची पेटी उघडली. व्याह्यांना झाडाखाली खुर्ची आणि चहा दिला. अमीननं आधी दोन्ही मागच्या चाकांची हवा मोजली. डाव्यात जरा कमी निघाली, ती सारखी केली. तो स्वतः मशीनवर बसला आणि लॉनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. रेघ मारल्यागत. “हवा होती, तात्या,” असं म्हणून तो गेला. मग व्याही खुर्चीतून उठले, मडगार्डवर बसले आणि मशीन डावीकडं.

अमीन परत आला. या खेपेला त्यानं सीट वर करून दांड्यांचे सांधे तपासले, नटबोल्ट आवळले, दोन्ही दांडे मधोमध ठेवल्यावर मशीन जागेवर गप उभं राहतं का बघितलं. उभं राहिलं. स्वतः चालवून बघितलं. सरळ. तो गेला, व्याही चढले, मशीन डावीकडं. तिसऱ्या खेपेला त्यानं इंजिनचा पट्टा बदलला, मागची चाकं मोकळी करायचे खटके नीट बसलेत का पाहिलं, तेलात हवा धरली असेल म्हणून चाकं उचलून दांडे पुढंमागं करून हवा काढली. सरळ. चौथ्यांदा फोन गेला तेव्हा अमीनचा आवाज बदलला होता. माझ्या हातात सरळ चालतंय नि तुमच्या हातात वाकडं चालतंय, तर खोट मशीनमध्ये आहे का हातात, असं त्यानं विचारलं. दोन ट्रॉल्या रिव्हर्स घेणाऱ्या माणसाला त्यानं हे विचारलं. तात्यानं फोन ठेवला.

तिकडं सम्राटनं ड्रोन उडवून बघितला. मग तो लॉनच्या मधोमध उभा राहून अगदी हळू आवाजात बोलला, म्हणजे रागात होता. “तात्या, वरनं बघितलं तर लॉन वाटत न्हाय, जिलेबी वाटतीय. रविवारी मोठी पार्टी व्हिडिओ मागणार हाय. पट्टं सरळ दिसलं न्हाईत तर किल्ली मला द्या. मी कोल्हापुरातनं माणूस बोलावतो. तुमी गेटवर शिट्टी घेऊन गाड्या लावा.”

शिट्टी. तात्याच्या डोळ्यापुढं आलं, लग्नाला आलेलं सगळं पंचक्रोशीतलं गणगोत गाड्या घेऊन गेटमधून शिरतंय आणि आपण शिट्टी फुंकत म्हणतोय, मागं घ्या, अजून घ्या, बास. जो स्वतः रिव्हर्स घ्यायचा तो आता दुसऱ्यांचे रिव्हर्स मोजणार. रात्रभर त्यानं करदोट्याची किल्ली मुठीत धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक साधी गोष्ट घडली. पट्ट्याच्या मध्यावर व्याह्यांची चप्पल पडली. तात्यानं मशीन थांबवलं, व्याही उतरले आणि लंगडत चपलेकडं गेले. तोवर पट्टा पुरा करावा म्हणून तात्या एकटाच पुढं गेला. मशीन बाणासारखं गेलं. तात्यानं मागं वळून पट्टा बघितला. व्याह्यांना घ्यायला फिरून आला. व्याही बसले, पाय ताठ केला, आणि तात्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्या पायाकडं नीट बघितलं. गुडघा डाव्या दांड्याला टेकलेला. दांडा पुढं ढकलला की गुडघा त्याला मागं रेटायचा. डावं चाक मागं राहायचं. डाव्या बैलाचा कासरा पावण्याच्या गुडघ्यात होता.

खोट मशीनमध्ये असती तर बदलता आली असती. हातात असती तरी चाललं असतं. ही खोट सोयरिकीत होती.

दुपारी त्यानं धोंडुबाईला चुलीपाशी गाठून सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. “आनि तुमी त्यास्नी काय सांगणार? पावणं, उतरा खाली म्हणून? सांगून बगा. फेट्याला दीड वर्स गेलं. मशीनवरनं उतरवलं तर मोनाचं बाळंतपण तिकडंच हुईल, नातवाला मिशा फुटल्यावर बगाया जाऊ.” मग भाकरी तव्यावर टाकून तिनं वर जोडलं, “शिट्टी काय वाईट न्हाय. सावलीत तर बसाय मिळतंय.”

तात्यानं सरळ बोलायचं सोडून बाकी सगळं करून बघितलं. ऊन लई आहे, गुडघ्याला सोसायचं नाही, असं सुचवलं. व्याह्यांनी घरातली काळी छत्री आणली आणि मडगार्डवर उघडून बसले. आता गुडघा होताच, वर वाऱ्यानं छत्री ओढायला लागली. तात्यानं लॉनच्या कडेला मऊ गादीची खुर्ची मांडली. व्याही म्हणाले, “एकटा बसून काय करू? तुमास्नी बी सोबत पायजे की.” पाय जरा अलीकडं घेतासा का, असं विचारायला तात्यानं तोंड उघडलं, तोवर व्याही गुडघा कुरवाळत म्हणाले, की लेकानं सुद्धा एवढी काळजी घेतली नाही, हितं आल्यापासनं गुडघ्याला आराम पडलाय. तात्यानं तोंड मिटलं. उजवा दांडा अंदाजानं जरा मागं धरून बघितला, तर पट्टा दोन्हीकडं नागमोडी झाला. जिलेबीची शेवई झाली, एवढाच फरक.

शनिवार उजाडला. उद्या ड्रोन. त्या सकाळी अमीन न सांगता आला. त्याला इतके दिवस झोप लागत नव्हती. आपल्या हातची दुरुस्ती खोटी पडते म्हणजे काय, हे त्याला लपून बघायचं होतं. तो गेटच्या आडून बघत राहिला. तात्या मशीन घेऊन निघाला, डाव्या बाजूला छत्रीखाली ताठ पाय करून जोतीराम. अमीनला एका नजरेत सगळं कळलं. तो तरातरा लॉनवर आला, पोट पुढं, हात वर, आणि मशीन बंद करायला लावलं.

“तात्या, तीन खेपा घातल्या मी. हवा बघितली, तेल बघितलं, पट्टा बदलला. आनि तुमी हे इथं,” त्यानं बोट व्याह्यांच्या दिशेनं उचललं.

तात्या घाईघाईनं मधे बोलला. “मिस्त्री, हे आमचं पावणं. मोनाचं सासरं. गडहिंग्लजचं.”

बोट हवेतच थांबलं. अमीननं तात्याच्या तोंडाकडं बघितलं. तात्याचा चेहरा कुंभाराच्या आव्यातनं काढलेल्या मडक्यागत झाला होता. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, अमीनची लेक तहरीमही गडहिंग्लजलाच दिलेली. तिचा सासरा आला की अमीन सोफ्यावरून उठून दारात स्टुलावर बसतो आणि टीव्हीचा रिमोट पावण्यांच्या हातात देतो, मग पावणे बातम्या बंद करून झोपतात. अमीननं बोट हळूच खाली घेतलं आणि त्याच हातानं व्याह्यांना सलाम केला. तब्येत विचारली. गुडघ्याला कुठलं तेल लावता विचारलं. मग मशीनभोवती एक फेरी मारली, उजव्या मडगार्डपाशी थांबला, स्वतःच्या पोटाकडं एकदा बघितलं आणि मडगार्डवर चढून बसला.

मशीननं थोडा उसासा टाकला. उजव्या दांड्याला अमीनचं पोट टेकलं. डाव्या दांड्याला व्याह्यांचा गुडघा होताच.

“चला, तात्या,” अमीन म्हणाला. “सरळ बगा. माझ्याकडं बगू नगासा.”

तात्यानं दोन्ही दांडे पुढं केले. मशीन जरा हळू निघालं, पण निघालं ते सरळ. टोकापर्यंत सरळ. वळून परत आलं, सरळ. एक फिका, एक गडद. दोन्ही बैलांचे कासरे सारखेच ओढलेले होते. तात्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दोन्ही हात दांड्यांवर असल्यामुळं पुसता येईना.

तिसऱ्या पट्ट्याच्या शेवटी मशीन वळवायला थांबलं तेव्हा व्याह्यांनी छत्री तिरपी केली आणि तात्याच्या कानाशी वाकले. “पावणं, ह्या मिस्त्रीला काय कळतंय का? मशीन काय बसायची जागा हाय व्हय? उगंच वझं.”

तात्यानं मान हलवली. तेवढी सवय त्याला झाली होती.

रविवारी ड्रोन उडाला तेव्हा काम जरा शिल्लक होतं, त्यामुळं तिघंही व्हिडिओत आले. वरून सरळ हिरवे पट्टे आणि मधोमध एक काळी छत्री सावकाश सरकतीय. सम्राट धावत आला. आधी पट्टे बघून खूश झाला, मग त्याची नजर मशीनवर गेली. त्यानं मडगार्डवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. खाली स्टिकर निघाला. चित्रात ड्रायव्हरच्या बाजूला एक माणूस बसलेला आणि त्याच्यावर तांबडी फुली.

“हे काय हाय? एक जादा माणूस बसवायचा न्हाय म्हणून चित्र काढलंय की,” सम्राट म्हणाला.

“एक बसवायचा न्हाईच, मालक,” अमीन वरूनच म्हणाला. “एक बसवला की डावीकडं वडतंय. म्हणून तर आमी दोघं बसलोय.”

सम्राट शिकलेला असल्यामुळं त्यानं चित्रातली माणसं परत मोजली. तेवढ्यात ड्रोनचा व्हिडिओ थेट बघत बसलेल्या पार्टीचा फोन आला. त्यांना पट्टे आवडले होते, आणि ती छत्री कसली, नवरदेवाच्या एन्ट्रीची का, ती पॅकेजमध्ये धरलीय का, असं ते विचारत होते. सम्राटनं क्षणभर व्याह्यांकडं बघितलं आणि हो म्हणाला. किल्लीचा विषय कुणी काढला नाही. तात्यानं तिला सदऱ्यावरून हात लावून बघितलं, होती जागेवर.

डॉक्टरांनी गुडघा ठीक म्हटल्यावर जोतीराम गडहिंग्लजला गेला. तिथल्या बाजारात तो आता सांगतो, की व्याह्यांचं मशीन दहा ठिकाणी दाखवलं, पण तो शेजारी बसल्याशिवाय काही सरळ चाललं नाही. यात खोटं फारसं काही नाही. मान मिळाला की माणूस किती मऊ होतो बघा. एरवी ज्याला फेट्यावरून दीड वर्ष राग होता, त्यानं स्वतःहून सुनेची बॅग भरायला सांगितली.

मोनाचा फोन आला तेव्हा तात्या एकटाच लॉनवर होता, पट्टे फणीसारखे पडत होते. मशीन बंद करून त्यानं फोन कानाला लावला. “तात्या, मी येतोय बाळंतपणाला,” मोना म्हणाली. “मामंजी स्वतः सोडायला येत्यात. आनि गुडघा परत दुखाय लागलाय म्हणं, तर थोडं दिवस ऱ्हातील तितंच.”

तात्यानं आनंदानं दोनदा व्हय व्हय म्हटलं. धोंडुबाईला हाक मारून सांगायला घराकडं निघाला, चार पावलं गेला, थांबला. नव्यानं पाडलेल्या पट्ट्यांकडं वळून बघितलं. मग गवतावरच उभं राहून त्यानं पेठ वडगावला फोन लावला.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “तुमचं पोट कमी झालं न्हाय न्हवं?”